खोट्या केसमध्ये अडकवलं आणि निर्दोष सुटलात? सरकारी अधिकाऱ्यावर भरपाईचा दावा करता येतो का? जाणून घ्या

३० नोव्हेंबर १९९४. इस्रोमध्ये क्रायोजेनिक इंजिनावर काम करणारे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना केरळ पोलिसांनी अटक केली. देशाची गुपितं परदेशात विकली, असा आरोप होता. सुमारे पन्नास दिवस ते कोठडीत होते. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि १९९६ मध्ये सीबीआयने कोर्टाला सांगितलं, की या आरोपात तथ्य नाही. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण कायमचं मिटवलं.

म्हणजे ते निर्दोष ठरले. पण पुढे काय? गेलेली नोकरीतली वर्षं, ‘देशद्रोही’ म्हणून ऐकलेली बोलणी, घरच्यांनी सोसलेलं सगळं, याची भरपाई कोण करणार? त्यासाठी त्यांना आणखी वीस वर्षं लढावं लागलं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांची ती कारवाई द्वेषमूलक होती असं स्पष्ट म्हणत ५० लाख रुपये द्यायला सांगितले.

‘रॉकेट्री’ सिनेमामुळे ही गोष्ट घराघरात पोहोचली. पण प्रत्येकाच्या आयुष्यावर सिनेमा निघत नाही. तहसील कार्यालयातल्या वादातून ‘सरकारी कामात अडथळा’ची केस, वीजचोरीचा खोटा गुन्हा, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पोलिसांनी रचलेलं प्रकरण, अशा तक्रारी आपण ऐकतो. माणूस पाच-सात वर्षं तारखा करतो, सुटतो आणि हात जोडून घरी येतो. ‘सुटलो तेच खूप’ म्हणतो.

कायदा मात्र तिथे थांबायला सांगत नाही. काय करता येतं, किती दिवसांत करावं लागतं आणि कुठे अडतं, ते पाहूया.

द्वेषमूलक खटला म्हणजे नेमकं काय?

वकील मंडळी याला ‘मॅलिशिअस प्रॉसिक्युशन’ म्हणतात. कुणीतरी तुमच्यावर योग्य कारण नसताना, वाईट हेतूने फौजदारी खटला चालवला, तुम्ही त्यातून सुटलात आणि तुमचं नुकसान झालं, तर त्या माणसाविरुद्ध दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा लावता येतो.

गंमत म्हणजे हा हक्क देणारं एखादं स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. इंग्रजांच्या काळापासून कोर्टांच्या निकालांतून तो तयार झाला. बदनामीचा दिवाणी दावा असतो ना, त्याच जातकुळीतला हा दावा.

इथे एक फरक लक्षात ठेवा. बेकायदा अटक झाली, कोठडीत डांबून ठेवलं, तर तो ‘खोटा कारावास’ हा वेगळा दावा. तिथे कोर्टाचा खटला उभा राहिलाच पाहिजे असं नाही. द्वेषमूलक खटल्यात मात्र कायद्याची यंत्रणाच तुमच्यावर चुकीच्या हेतूने सोडली गेली, ही तक्रार असते. अनेक प्रकरणांत दोन्ही गोष्टी एकत्र घडतात आणि दोन्हींसाठी भरपाई मागता येते.

दावा जिंकायला काय सिद्ध करावं लागतं?

पाच गोष्टी. आणि त्या सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

१. खटला प्रतिवादीने चालवला. फौजदारी खटला कागदोपत्री सरकार चालवतं. मग जबाबदार कोण? १९०८ च्या गया प्रसाद विरुद्ध भगत सिंग या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने याचं उत्तर दिलं. नुसती तक्रार देणारा जबाबदार नाही. पण तक्रार खोटी आहे हे माहीत असून ती देणारा, पोलिसांची दिशाभूल करणारा, खोटे साक्षीदार उभे करणारा माणूस हाच खरा खटला चालवणारा. हाच नियम सरकारी अधिकाऱ्यालाही लागतो. खोटी फिर्याद देणारा अभियंता असो की खोटा पंचनामा करणारा तपास अधिकारी, त्याचा सक्रिय हात दाखवावा लागतो.

२. खटला तुमच्या बाजूने संपला. निर्दोष मुक्तता, आरोपातून दोषमुक्ती किंवा हायकोर्टाने गुन्हाच रद्द करणं, यातलं काहीही चालतं. खटला सुरू असताना हा दावा लावता येत नाही. शिक्षा झाली असेल आणि ती कायम असेल, तर दावा टिकत नाही.

३. वाजवी आणि संभाव्य कारण नव्हतं. खरा सामना इथेच होतो. अधिकाऱ्याकडे त्या वेळी जी माहिती होती, तिच्यावरून एखाद्या समंजस माणसाला ‘याने गुन्हा केला असावा’ असं प्रामाणिकपणे वाटलं असतं का? वाटलं असतं, तर दावा फेटाळला जातो. मग तुम्ही पुढे निर्दोष ठरला असलात तरीही.

४. हेतू वाईट होता. इथे द्वेष म्हणजे फक्त वैयक्तिक राग नाही. गुन्हेगाराला कोर्टासमोर आणणं सोडून दुसरा कोणताही हेतू, म्हणजे पैसे उकळणं, माहिती अधिकाराचा अर्ज केल्याचा सूड, कुणाला तरी खूश करणं, हे सगळं यात येतं.

५. नुकसान झालं. प्रतिष्ठेचं, शरीराचं, स्वातंत्र्याचं किंवा पैशाचं.

पश्चिम बंगाल वीज मंडळ विरुद्ध दिलीप कुमार रे या २००७ च्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ही कसोटी पुन्हा मांडली आहे. तुमचे वकील दावा लिहिताना बहुधा याच चौकटीत लिहितील.

‘संशयाचा फायदा’ मिळून सुटलो, तर?

हा प्रश्न फार महत्त्वाचा. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते. पुरावा कमी पडला की आरोपी सुटतो. पण ‘पुरावा कमी पडला’ आणि ‘केस खोटी होती’ यांत मोठं अंतर आहे. भरपाईच्या दाव्यात हे दुसरं वाक्य तुम्हाला सिद्ध करायचं असतं.

म्हणून सुटल्यावर निकालपत्र नीट वाचा. न्यायाधीशांनी ‘पंच साक्षीदार फितूर झाले’ एवढंच लिहिलंय, की ‘पंचनामा घटनास्थळी झालेलाच नाही, पोलीस ठाण्यात बसून लिहिला’ असं लिहिलंय? दुसऱ्या प्रकारचं वाक्य मोलाचं. पण तेवढ्यावर भागत नाही. दिवाणी कोर्ट स्वतः पुरावा तपासतं, त्यामुळे साक्षी-कागदपत्रं तिथे नव्याने मांडावी लागतात.

महाराष्ट्रात आणखी एक कागद उपयोगी पडतो. तपास करून केस बंद करताना आपले पोलीस कोर्टात ‘समरी’ अहवाल देतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, तर ‘अ’ समरी. तक्रारच द्वेषाने दिलेली आणि खोटी, तर ‘ब’ समरी. गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली तक्रार, तर ‘क’ समरी. तुमच्याविरुद्धची केस ‘ब’ समरीने बंद झाली असेल, तर त्या अहवालाची आणि कोर्टाच्या आदेशाची नक्कल जपून ठेवा. मात्र कोर्टाची प्रक्रिया सुरूच झाली नसेल, तर ‘खटला’ झालाच नाही असा युक्तिवाद समोरून येतो. १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने याची कसोटी अशी सांगितली, की प्रकरण तुमचं नुकसान होण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचलं होतं का, ते पाहावं.

मुदत किती? इथेच बहुतेक जण चुकतात

मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ७४ नुसार हा दावा लावायला फक्त एक वर्ष मिळतं. हे वर्ष केस दाखल झाल्यापासून नाही, तर निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्य प्रकारे संपल्यापासून मोजतात. खोट्या कारावासाच्या दाव्यालाही अनुच्छेद ७३ प्रमाणे एकच वर्ष आहे, पण ते कोठडी संपल्यापासून. म्हणजे जामिनावर सुटलात त्या दिवसापासून ते घड्याळ सुरू होतं. खटला पाच वर्षं चालला तर कारावासाच्या दाव्याची मुदत कधीच संपलेली असते.

सरकार अपील करेल, ते निकाली निघालं की बघू, असं म्हणत बसू नका. पहिल्या सुटकेच्या निकालापासून दिवस मोजायचे, हाच सुरक्षित मार्ग.

आधी नोटीस, मग दावा

सरकारवर किंवा अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल दावा लावायचा असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यात तुमचं नाव, पत्ता, काय घडलं आणि काय मागताय, हे लिहायचं. राज्य सरकारसाठी ही नोटीस शासनाच्या सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची. अधिकाऱ्यासाठीची त्याच्या हातात किंवा त्याच्या कार्यालयात.

दोन महिने पूर्ण व्हायच्या आत दावा लावला तर तो टिकत नाही. १९८४ मध्ये बिहारी चौधरी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे बजावलं आहे. तातडीचं काही असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावता येतो, पण भरपाईच्या दाव्यात तशी तातडी दाखवणं अवघड.

दिलासा एवढाच, की नोटिशीचा हा काळ मुदतीतून वगळला जातो. समजा, तुम्ही १० जानेवारी २०२५ ला सुटलात. वर्ष १० जानेवारी २०२६ ला भरतं. मुदतीत नोटीस दिली असेल तर तिचे दोन महिने वर मिळतात. पण त्या भरवशावर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

पोलीस असतील तर सहा महिन्यांचा खड्डा

महाराष्ट्रात पोलिसांविरुद्ध जायचं असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १६१ माहीत हवंच. पोलिसाने आपल्या कर्तव्याच्या आडून किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृतीबद्दलचा दावा, त्या कृतीपासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. त्याआधी किमान एक महिन्याची नोटीसही द्यावी लागते.

आता अडचण बघा. खोटा पंचनामा झाला २०१८ ला, तुम्ही सुटलात २०२५ ला. सहा महिने कधी मोजायचे? पोलिसांचे वकील हा मुद्दा पहिल्याच तारखेला काढतात. त्यावर दोन उत्तरं दिली जातात. एक, सुटका होईपर्यंत दाव्याचं कारणच पूर्ण होत नाही. दुसरं, जी कृती कर्तव्याचा भागच असू शकत नाही, तिला हे संरक्षण मिळत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या प्रकरणात, चौकशीच्या नावाखाली मारहाण करणं आणि डांबून ठेवणं हे कर्तव्याच्या आडून केलेलं कृत्य मानायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला होता.

व्यवहारातला सल्ला साधा आहे. सुटल्यावर पहिल्या महिन्यातच वकिलाला भेटा आणि सहा महिन्यांच्या आत दावा लागेल असं गणित मांडा.

सरकारची परवानगी लागते का?

भरपाईच्या दिवाणी दाव्याला लागत नाही. हा गैरसमज खूप पसरलेला आहे.

परवानगी लागते ती अधिकाऱ्यावर फौजदारी खटला चालवायचा असेल तर. सरकारच्या मंजुरीशिवाय ज्याला पदावरून हटवता येत नाही, अशा लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीसाठी ही पूर्वमंजुरी असते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आहे. नव्या कायद्यात एक चांगला बदल झालाय. सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही, तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं.

फौजदारी बाजूची महत्त्वाची कलमं अशी. भारतीय न्याय संहितेत कलम २४८ खाली, इजा करण्याच्या हेतूने खोटा आरोप करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आरोप फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद. कलम २५८ हे आपण कायद्याविरुद्ध वागतोय हे माहीत असूनही एखाद्याला डांबणाऱ्या किंवा खटल्यासाठी पाठवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आहे. १ जुलै २०२४ आधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं लागतात. खोटा आरोप कोर्टातल्या कामकाजाशी संबंधित असेल, तर त्याबद्दलची तक्रार त्या कोर्टानेच लेखी करावी लागते. तुम्ही कोर्टाला तसा अर्ज करू शकता.

पैसे कोण देणार, अधिकारी की सरकार?

दाव्यात साधारणपणे दोघांनाही प्रतिवादी करतात. अधिकारी स्वतःच्या वाईट हेतूसाठी व्यक्तिशः जबाबदार असतो. सरकारचं मात्र थोडं गुंतागुंतीचं आहे.

१९६५ चं कस्तुरीलाल प्रकरण प्रसिद्ध आहे. मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाचं सोनं जप्त केलं, मालखान्याचा हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला, आणि तरीही सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं नाही. अटक, जप्ती ही राज्याची सार्वभौम कामं, असं कारण दिलं. या निकालावर तेव्हापासून टीका होते आहे. नंतरच्या निकालांनी त्याची धार कमी केली, पण दिवाणी दाव्यात सरकारी वकील आजही त्याचा आधार घेतात.

उलट बाजूने, लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९४ च्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की अधिकाऱ्याच्या छळवणुकीची भरपाई करदात्यांच्या पैशातून का द्यायची? ती जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल व्हावी.

न्यायाधीशांवर मात्र त्यांच्या न्यायालयीन कामासाठी असा दावा चालत नाही. त्यांना १८५० आणि १९८५ च्या कायद्यांचं संरक्षण आहे.

दुसरा रस्ता: हायकोर्टात रिट

दिवाणी दावा लांबतो आणि मागितलेल्या रकमेनुसार कोर्ट फी भरावी लागते. म्हणून मूलभूत हक्क उघडपणे तुडवला गेला असेल, तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात भरपाई मागता येते. इथे सार्वभौम कामाची सबब चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात सांगितलं.

याची सुरुवात १९८३ च्या रुदुल साह प्रकरणाने झाली. बिहारमधला हा माणूस निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं तुरुंगातच होता. १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंग यांना विधानसभेत जाऊ नये म्हणून अटक झाली, तेव्हा ५० हजारांची भरपाई मिळाली.

महाराष्ट्रातलं उदाहरण तर हादरवणारं आहे. २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानेच फाशी सुनावली होती. मार्च २०१९ मध्ये त्याच कोर्टाने जुना निकाल मागे घेऊन त्यांना निर्दोष ठरवलं, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. हिशोब ज्याचा त्याने करावा.

रिटची मर्यादा अशी, की हायकोर्ट साक्षीपुरावे तपासत बसत नाही. ‘कोण खरं बोलतंय’ हाच वाद असेल तर तुम्हाला दिवाणी कोर्टात जायला सांगितलं जातं. एक रस्ता धरला म्हणून दुसरा बंद होत नाही. नंबी नारायणन यांना ५० लाख देताना सुप्रीम कोर्टाने त्यांचा दिवाणी दावा चालू ठेवायची मोकळीक दिली होती. पुढे २०२० मध्ये केरळ सरकारने तडजोडीत त्यांना १ कोटी ३० लाख रुपये दिले.

सुटल्या दिवसापासून काय करायचं?

- निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच आठवड्यात अर्ज करा. एफआयआर, चार्जशीट, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब आणि उलटतपासणी यांच्याही नकला घ्या.
- खर्चाचे कागद गोळा करा. वकिलाची फी, प्रवास, बुडालेला पगार, निलंबनाचा आदेश, औषधोपचाराची बिलं.
- अब्रू गेल्याचा पुरावा ठेवा. बातम्यांची कात्रणं, पोस्टचे स्क्रीनशॉट लिंक आणि तारखेसह.
- अधिकाऱ्याशी आधीचा वाद असेल तर त्याचे अर्ज, माहिती अधिकाराच्या प्रती, तक्रारींच्या पोचपावत्या शोधा. हेतू सिद्ध करायला हेच उपयोगी पडतात.
- मानवाधिकार आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. पोलिसांविरुद्ध राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचाही पर्याय आहे.
- वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या प्रकारच्या दाव्याला मदत मिळते का, हे विचारा. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावायची परवानगी कोर्टाकडे मागता येते.
- त्या अधिकाऱ्याचं नाव-फोटो टाकून फेसबुकवर राग काढू नका. बदनामीची उलट केस अंगावर येऊ शकते.

मग कायदा बदलत का नाही?

२०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टाने या विषयाकडे लक्ष वेधलं. त्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात शिफारस केली, की चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांसाठी कायद्याने ठरवलेली भरपाई असावी आणि त्यासाठी विशेष न्यायालयं असावीत. २०२३ मध्ये फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, पण ही योजना त्यांत आली नाही. उलट विनाकारण अटक घडवून आणणाऱ्याकडून दंडाधिकारी जी भरपाई देववू शकतात, तिची कमाल मर्यादा नव्या संहितेतही एक हजार रुपयेच आहे.

म्हणजे आज तरी भरपाई आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. आणि मागायला फार थोडे दिवस मिळतात. तुमच्या ओळखीत कुणी नुकतंच अशा केसमधून सुटलं असेल, तर पेढे वाटून झाले की त्यांना एवढं नक्की विचारा, निकालाची नक्कल काढली का?

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असतात, त्यामुळे पाऊल उचलण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.)